जगबुडी आणि वीस वर्षांचा हप्ता

पत्राचा सारांश: चाकणजवळच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला असलेले, नुकतीच चाळिशी ओलांडलेले एक वाचक लिहितात. थर्ड शिफ्टला लाइन सुरळीत चालू असली की ते मोबाइलवर व्हिडिओ बघतात. गेले काही महिने जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेचे व्हिडिओ समोर येत आहेत. जमिनीखालच्या यंत्रात प्रोटॉन एकमेकांवर आपटतात, त्यातून कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळणार, दुसऱ्या जगाचं दार उघडणार, वगैरे. दाराबिरावर विश्वास नाही, पण कृष्णविवर काही डोक्यातून जात नाही, असं ते म्हणतात. ‘मी अडाणी नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे, अठरा वर्षं मशीन बघतोय. कुठलंही मशीन कधी ना कधी फेल होतंच. हेसुद्धा २००८ मध्ये सुरू केलं आणि नऊ दिवसांत बसलं. आणि शास्त्रज्ञ स्वतःच शून्य टक्के म्हणत नाहीत.’ पत्नी हसण्यावारी नेते. तिचा जीव अडकलाय टू बीएचकेच्या बुकिंगमध्ये. कर्ज वीस वर्षांचं आहे आणि हे तीन महिने ‘बघू’ म्हणतायत. खरं कारण तिला माहीत नाही. त्यांचे प्रश्न दोन: या भीतीत तथ्य किती? आणि बुकिंग कशामुळे अडलंय ते पत्नीला सांगावं का?

नमस्कार.

तुमचं मशीनचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्या व्हिडिओवाल्यांच्या सगळ्या बडबडीपेक्षा त्यात जास्त शहाणपण आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

२००८ची हकीकत तुम्ही अगदी बरोबर सांगितलीत. १० सप्टेंबरला सर्नच्या या यंत्राच्या, म्हणजे लार्ज हेड्रॉन कोलायडरच्या, २७ किलोमीटरच्या गोल बोगद्यात प्रोटॉनचा झोत पहिल्यांदा पूर्ण फिरवला गेला आणि १९ तारखेला मोठा ब्रेकडाउन झाला. कारण ऐकून तुम्हाला घरचंच कुणी भेटल्यासारखं वाटेल: दोन चुंबकांच्या मधला विजेचा एक जॉइंट खराब होता. जॉइंट तापला, स्पार्किंग झालं, चुंबकांना थंड ठेवणाऱ्या हेलियमच्या आवरणाला भोक पडलं आणि सुमारे सहा टन हेलियम बोगद्यात सुटला. त्या भागातले ५३ चुंबक काढून वर आणावे लागले. यंत्र पुन्हा चालू व्हायला नोव्हेंबर २००९ उजाडला. बोगद्यात त्या वेळी कुणी नव्हतं, त्यामुळे कुणाला खरचटलंही नाही.

आता तुमच्या खात्याच्या नजरेनं सांगा, मशीन फेल झाल्यावर काय झालं? काम थांबलं. टकरींना तर अजून सुरुवातही झाली नव्हती. या यंत्राची अडचण अशी की सगळं शंभर टक्के जुळून आलं तरच ते टक्कर देतं. चुंबक उणे २७१ अंशांवर असले पाहिजेत, नळी जवळजवळ पूर्ण निर्वात पाहिजे, आणि केसाहूनही बारीक केलेले दोन झोत समोरासमोर नेमके भेटले पाहिजेत. कुठे एक गोष्ट बिनसली की झोत आपोआप एका बाजूच्या बोगद्यात वळवून आठेक मीटर लांबीच्या ग्राफाइटच्या ठोकळ्यात जिरवला जातो. प्रोटॉन सेकंदाला अकरा हजारांवर फेऱ्या मारतात आणि धोका लक्षात आल्यावर दोन-तीन फेऱ्यांतच बाहेर काढले जातात. म्हणजे तुमच्याकडचं लाल इमर्जन्सी स्टॉप बटणच, फक्त माणसाच्या हाताची वाट न बघणारं.

तिथल्या इंजिनिअरांची झोप उडवणारी गोष्ट वेगळीच आहे. त्या झोतात एकूण ऊर्जा असते ती ताशी १५० किलोमीटरनं धावणाऱ्या चारशे टनांच्या आगगाडीइतकी. झोत भरकटला तर कोट्यवधींच्या चुंबकाला भोक पाडेल, अशी त्यांना धास्ती असते. ती धास्ती मशीनसाठी आहे, पृथ्वीसाठी नाही.

जाता जाता सांगते, २००९ मध्ये एका वीज उपकेंद्रात बसबारवर, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या उघड्या पट्टीवर, पावाचा तुकडा पडून यंत्राच्या एका भागाचं कूलिंग गेलं होतं. तो पक्ष्यानं टाकला असावा असा संशय. २०१६ मध्ये मुंगसाएवढ्या एका प्राण्यानं ट्रान्सफॉर्मरपाशी शॉर्टसर्किट केलं. पावसाळ्यात आपल्याकडे डीपीत खार शिरून अर्ध्या गावाची वीज जाते, त्याची आठवण झाली मला. जग गिळायला निघालेलं यंत्र पावाच्या तुकड्यानं बसतं म्हटल्यावर थोडं हायसं वाटायला हरकत नाही.

तर तुमच्या मनात दोन भीत्या एकात एक गुंतल्या आहेत. एक, मशीन बिघडण्याची. अठरा वर्षांचा अनुभव तुम्ही दाखला म्हणून देता, तो हिच्यासाठी लागू आहे. दुसरी, मशीन ठरल्याप्रमाणे चालून त्यातूनच भलतं काही निघण्याची. तुमची झोप उडालीय ती हिच्यामुळे, आणि तिला ब्रेकडाउनचा अनुभव लागूच होत नाही. हिच्यासाठी दुसरा अनुभव लागतो: असा ‘जॉब’ याआधी कुणी काढलाय का, आणि काय निघालं?

काढलाय. आपल्या डोक्यावर रोज निघतोय.

अवकाशातून पृथ्वीवर अतिवेगवान कणांचा मारा अखंड चालू आहे. त्यांना वैश्विक किरण म्हणतात. ते हवेतल्या अणूंवर आदळतात आणि त्या टकरींतून जन्मलेले कण खाली येतात. हे वाचेपर्यंत तुमच्या तळहातातून असे काही आरपार गेले. सेकंदाला साधारण एक, असा हिशोब आहे. सर्नच्या यंत्रातली एक टक्कर २०२२पासून १३.६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टची (हे कणांची ऊर्जा मोजायचं माप) असते. हा आकडा व्हिडिओत घोगऱ्या आवाजात सांगितला की अंगावर काटा येतो, पण उडत्या डासाच्या हालचालीत साधारण एक टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट असतो. म्हणजे डझनभर डास. (ती ऊर्जा डासापेक्षा अब्जावधी पटींनी लहान जागेत कोंबलेली असते, म्हणून प्रयोगाला अर्थ आहे.) उलट १९९१च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत युटाच्या आकाशात एक वैश्विक कण नोंदला गेला, त्या एकट्या कणात ताशी नव्वद किलोमीटरनं टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूएवढी ऊर्जा होती. फिरकीचा चेंडू म्हणा हवं तर, पण एका कणात! तो हवेतल्या स्थिर अणूवर आदळतो आणि सर्नमध्ये दोन्ही प्रोटॉन समोरासमोर येतात, हा फरक हिशोबात धरला तरी ती टक्कर सर्नच्या टकरीपेक्षा कित्येक पटींनी मोठी ठरते. सर्नच्या २००८च्या सुरक्षा अहवालाचा अंदाज असा की अशा यंत्राचे जवळजवळ एक लाख पूर्ण प्रयोग भरतील इतक्या टकरी निसर्गाच्या एकट्या पृथ्वीवर करून झाल्या आहेत.

इथं एक आक्षेप येतो, आणि तो मूर्खपणाचा नाही. वैश्विक किरणांच्या टकरीतून समजा एखादं इवलंसं कृष्णविवर झालंच, तर ते प्रचंड वेगानं पृथ्वीच्या आरपार निघून जाईल. सर्नमध्ये दोन झोत समोरून येतात, वेग एकमेकांना मारतात. तिथं झालेलं कृष्णविवर सावकाश चालेल आणि पृथ्वीतच अडकून बसेल. मग काय?

शास्त्रज्ञांनी हा आक्षेप झटकला नाही. स्टीव्हन गिडिंग्ज आणि मिकेलँजेलो मँगानो या दोघांनी २००८ मध्ये त्यावर भलामोठा शोधनिबंध लिहिला. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांच्या सिद्धांताप्रमाणे इतकं लहान कृष्णविवर जन्मताच विरून जायला हवं. पण त्यांनी मुद्दाम उलटं गृहीत धरलं: समजा हॉकिंग चुकले, कृष्णविवर विरतच नाही. पृथ्वीला ते चुकवून जाईल, पण श्वेत बटू आणि न्यूट्रॉन तारे, म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्यांचे आकसलेले गोळे, इतके दाट असतात की तिथं असला कण घुसला तर थांबणारच. मग पृथ्वीला खाऊ शकणाऱ्या जातीच्या कृष्णविवरांनी हे तारे केव्हाच खाऊन टाकायला हवे होते. तारे तर आहेत. कोट्यवधी वर्षं म्हातारे होऊन सुखानं बसलेले आहेत.

मला हा युक्तिवाद आवडतो, कारण त्यात कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही. तुम्ही विचारलेलं नाही, पण अनेकांच्या मनात असतं की तपासणी करणारे त्याच घरचे, ते वाईट कशाला सांगतील? शंका रास्त आहे. तो सुरक्षा अहवाल लिहिणाऱ्यांत सर्नची माणसं होती, हे खरं. नंतर बाहेरच्या शास्त्रज्ञांनी तो तपासला, हेही खरं. तारे मात्र कुणाच्या पगारावर नाहीत.

आता ‘शून्य टक्के’. तुमची खरी फसगत मला इथं दिसते. १९९९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेतल्या नव्या यंत्राबद्दल वॉल्टर वॅग्नर नावाच्या गृहस्थांनी एका विज्ञान मासिकाला पत्र लिहून हीच कृष्णविवराची शंका काढली. पुढे नोबेल मिळालेल्या फ्रँक विल्चेक यांनी उत्तर दिलं: कृष्णविवर नाही. पण अभ्यासू माणसाच्या खोडीप्रमाणे पुढे जोडलं की ‘स्ट्रेंजलेट’ नावाच्या एका काल्पनिक पदार्थाची शंका कुणी काढू शकेल, तीही पटण्यासारखी नाही. झालं! लंडनच्या एका वर्तमानपत्रानं पृथ्वी नष्ट होण्याचा मथळा दिला. ते यंत्र २००० मध्ये सुरू झालं आणि वीस वर्षांहून जास्त चाललं. याच वॅग्नर यांनी आणखी एकाबरोबर २००८ मध्ये सर्नविरुद्ध हवाईच्या न्यायालयात दावा लावला, तो फेटाळला गेला, २०१० मध्ये अपीलही गेलं. (न्यायालयानं फेटाळलं म्हणून भौतिकशास्त्र सिद्ध होत नाही, एवढं मी जाणते.)

पुंजभौतिकीत, म्हणजे अणू आणि त्याहून लहान कणांच्या शास्त्रात, काटेकोरपणे शून्य म्हणण्याजोगं जवळजवळ काहीच नसतं. भिंतीला टेकून ठेवलेली सायकल आपोआप भिंतीपलीकडे जाण्याची शक्यतासुद्धा त्या भाषेत शून्य नाही. म्हणून कुणी सायकलला कुलूप लावताना भिंतीची काळजी करत नाही. शास्त्रज्ञ ‘शून्य’ म्हणायला कचरतात तेव्हा ते आपल्या शास्त्राचं व्याकरण पाळत असतात; आपण ऐकतो ते मात्र डॉक्टरनं ‘बघू या’ म्हटल्यासारखं.

तथ्य किती, याचं उत्तर माझ्याकडून असं: या यंत्रानं जग संपेल ही भीती धरायला कारण नाही. हे मी शून्याच्या वादात न पडता, आपल्या रोजच्या बोलण्यातलं ‘नाही’ म्हणून सांगते.

पण तुमच्या पत्नीनं हसायला नको होतं. सप्टेंबर २००८ मध्ये आपल्या वृत्तवाहिन्यांनी काउंटडाउन लावून जो तमाशा केला, तो मला आठवतो. त्याच दिवसांत मध्य प्रदेशातल्या एका शाळकरी मुलीनं या बातम्यांच्या धसक्यानं जीव दिल्याचं छापून आलं होतं. तेव्हापासून मी या विषयावर विनोद जपून करते. घरात कुणी अशी भीती बोलून दाखवली तर वाद घालू नका आणि हसूही नका. फक्त विचारा: नक्की काय होणार आहे, आणि कधी? तारीख सांगितलीच तर कॅलेंडरवर, दूध-पेपरच्या नोंदींशेजारी लिहून ठेवा. असल्या व्हिडिओंना दर वेळी नवी तारीख लागते. २००८ झालं, २०१२ मध्ये सर्नमध्ये ‘हिग्ज’ नावाचा कण सापडला तेव्हा झालं, जुलै २०२२ मध्ये मोठ्या दुरुस्तीनंतर टकरी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा झालं, एप्रिल २०२४च्या सूर्यग्रहणालाही झालं. आपल्या आजी-आजोबांनी १९६२च्या फेब्रुवारीत अष्टग्रहीची धास्ती काढली. गावोगाव यज्ञ झाले, तूप भरपूर जळलं.

आता तुमच्या फ्लॅटकडे येते. मला हा प्रश्न पहिल्याहून अवघड वाटतो.

१९७९ मध्ये मी शाळेत होते. अमेरिकेचं स्कायलॅब हे अवकाशस्थानक कोसळणार होतं आणि कुठे पडेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. आमच्या कोकणातल्या आळीत दोन शेजारी होते. एकानं वाण्याची सगळी उधारी चुकती केली, का तर वर जाताना ऋण नको. दुसऱ्यांनी मे महिन्यात घराची शाकारणी केली नव्हती. जूनमध्ये कुणी विचारलं तर म्हणायचे, ‘वरून काय पडतंय ते एकदा कळू दे, मग कौलांना हात लावू.’ ११ जुलैला स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात पडले. यांचं माजघर गणपतीपर्यंत गळत होतं. मोठेपणी मला कळलं की मे महिन्यात त्यांच्याकडे शाकारणीला पैसे नव्हते.

तुमचं तसंच असेल असं मी म्हणत नाही. पण एक हिशोब जमत नाही. जग खरंच संपणार असेल तर वीस वर्षांचं कर्ज घेण्यासारखा फायद्याचा दुसरा सौदा नाही. घर आज, हप्ते जगबुडीच्या खात्यात! आणि तुम्ही पीएफ कापू देताय, थर्ड शिफ्टला वेळेवर जाताय. तुमच्या आयुष्यात कृष्णविवर एकाच कागदाच्या आड आलंय, कर्जाच्या. चाळिशी ओलांडलेल्या माणसाचं वीस वर्षांचं कर्ज साठीच्या पलीकडे जातं. तुमच्या कंपनीत निवृत्तीचं वय किती, नोकरी कितपत पक्की, लाइनवर रोबो किती आले, हे तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. रात्री तीन वाजता त्याचा विचार करण्यापेक्षा जिनिव्हाचा करणं सोपं जातं का, एवढं स्वतःला विचारून बघा. मी चुकत असेन तर पुन्हा लिहा.

पत्नीला सांगावं का? सांगाच. तीन महिन्यांच्या ‘बघू’चा अर्थ तिनं आत्तापर्यंत काहीतरी लावलाच असेल, आणि तो कृष्णविवराहून वाईट असण्याची शक्यता बरीच आहे. फक्त क्रम बदला. ‘मला जगबुडीची भीती वाटते’ अशी सुरुवात केलीत तर ती पुन्हा हसेल आणि बोलणं तिथंच संपेल. आधी आकडे काढा: हप्ता किती, पगारातून उरतं किती, साठीला कर्ज किती शिल्लक राहतं, पंधरा वर्षांत फेडायचं तर काय करावं लागेल, वन बीएचके घेतला तर काय. सुट्टीच्या दिवशी, झोप झाल्यावर, दोघं कागद घेऊन बसा. ते झालं की मग सांगा की रात्री हे व्हिडिओ बघून डोकं फिरायचं. तेव्हा ती हसली तरी ते हसणं वेगळं असेल. आकडे बघून दोघांनाही नको वाटलं तर बुकिंग करू नका. ते ‘नको’ तुमच्या दोघांचं असेल.

मोबाइलचं म्हणाल तर बंदी घालून उपयोग नाही. जागरणानं शिणलेल्या डोक्याला रात्री जे खरं वाटतं ते सकाळी चहाबरोबर वाटत नाही, म्हणून असं काही शिफ्टमध्ये बघायचं नाही, दुपारी उठल्यावर बघायचं, एवढाच नियम करा. दोन-तीन आठवडे दिवसाही झोप लागेनाशी झाली, छातीत धडधड होऊ लागली, किंवा ‘कशाचाच काही उपयोग नाही’ असं वाटू लागलं, तर कंपनीच्या डॉक्टरांना सांगा किंवा १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. हे फक्त तुमच्यासाठी नाही लिहिलं.

तुम्ही मेकॅनिकलवाले, म्हणून आणखी एक. बोगद्यातले मुख्य चुंबक १,२३२ आहेत, प्रत्येक १५ मीटर लांब, वजन सुमारे ३५ टन. ते ज्या अचूक जॅकवर तोललेत, असे जवळजवळ सात हजार जॅक भारतातून गेलेत. त्या प्रयोगांत आपली कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआरही आहे. याच संस्थेची रेडिओ दुर्बीण तुमच्यापासून नाशिक रस्त्यानं तास-दीड तासावर, नारायणगावजवळ खोडदला आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांच्यावर न्यूट्रॉन ताऱ्यांचे ठोके टिपले जातात, वर मी सांगितले तेच तारे. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, तिथं विज्ञान प्रदर्शन भरतं, शाळांच्या बसच्या बस येतात. पत्नीला घेऊन जा आणि तिथल्या कुणाला तरी तुमचा प्रश्न बिनधास्त विचारा.

मात्र ‘आधी खोडद, मग बुकिंग’ असं घरी सांगू नका.